चित्रातली नायिका वाचताना: भाव कुठे पाहायचा, स्वभाव कुठे शोधायचा

नायिकेच्या अभ्यासचित्रासमोर (बाईला समोर बसवून सरावासाठी केलेल्या चित्रासमोर) नवखा माणूस उभा राहिला की त्याच्या तोंडून पहिला शब्द येतो 'उदास'. पापण्या खाली असल्या तर उदास, नजर खिडकीबाहेर असली तरी उदास, एकटी बसली असेल तर उदासच उदास. त्यापुढे चित्र बंद होते. असे होते ते नजर कमी पडल्यामुळे नव्हे, क्रम चुकल्यामुळे. चेहरा आधी पाहिला, आणि त्या घटकेचा भाव आणि त्या बाईचा कायमचा स्वभाव या दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या.

आपल्या जुन्या रसशास्त्राने हे दोन्ही वेगळे ठेवले आहेत. वासकसज्जा, खंडिता, अभिसारिका वगैरे आठ नायिका म्हणजे आठ अवस्था. तीच बाई संध्याकाळी वासकसज्जा (प्रियकर येणार म्हणून नटून तयार) असते आणि पहाटे खंडिता (तो दुसरीकडे रात्र काढून परतल्याने दुखावलेली). मुग्धा, मध्या, प्रगल्भा (नवखी, मधली, अनुभवी) किंवा धीरा, अधीरा, धीराधीरा (संयमी, असंयमी, दोन्हींच्या मधली) ही विभागणी मात्र ती बाई मुळात कशी आहे, किती अनुभवी आहे, राग कसा बाहेर काढते हे सांगते. चित्र वाचताना हाच धडा उपयोगी पडतो. जे क्षणात बदलू शकते (नजर, भुवई, बोटे, सुटलेला पदर) त्यात भाव शोधावा. जे वर्षानुवर्षे अंगात मुरते (बसण्याची ढब, मानेचा ताठपणा, नेसण्याची पद्धत) त्यात स्वभाव शोधावा.

सरावासाठी गोव्यात लांब जावे लागत नाही. सांगे येथे जन्मलेले आंतोनियो शावियर त्रिंदाद (१८७०–१९३५) मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तिथेच शिकवू लागले; त्यांच्या चित्रांचा संग्रह पणजीत फोंताइन्यास भागातल्या फुंदासांव ओरिएंत संस्थेत आहे. घरातल्या आणि ओळखीतल्या बायकांना समोर बसवून केलेली तैलचित्रे अभ्यासायला यापेक्षा चांगली जागा नाही. पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांची चित्रे आहेत. त्यांची मारिया (येशूची आई) साडी नेसते. तेही जमत नसेल तर घरातले जुने दिवाळी अंक काढा. मडगावात जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्या मुखपृष्ठांवर नायिकाच नायिका सापडतील.

सोबत पेन्सिल आणि वही घ्या (पेन नको, बऱ्याच संग्रहालयांत ते चालत नाही). एका चित्राला अर्धा तास द्या. एका फेरीत दोनच चित्रे पुरेत, तिसऱ्यापर्यंत डोळा थकतो आणि पुन्हा 'उदास' म्हणू लागतो.

१. आधी लांबून, नावाची पट्टी न वाचता

चित्राच्या कर्णाच्या सुमारे तिप्पट अंतरावर उभे राहा. दोन फूट कर्णाच्या चित्रासाठी सहा फूट. डोळे अर्धे मिटून पाहा. तपशील पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे पट्टे उरतात. सर्वांत उजळ जागा कुठली आणि तिच्याशेजारीच सर्वांत गडद जागा आहे का, ते वहीत लिहा. चित्रकाराला तुमची नजर जिथे न्यायची असते तिथे तो हे दोन टोकाचे रंग शेजारी आणतो. ती जागा चेहरा नसून मांडीवरचा हात असेल, तर ते चित्र हाताचे आहे हे आताच कळून चुकते.

नावाची पट्टी शेवटी वाचायची. 'प्रतीक्षा' हे नाव आधी वाचले की पुढचा अर्धा तास आपण प्रतीक्षेचेच पुरावे गोळा करत राहतो.

२. शरीराचा भार कुठे आहे

आता चेहऱ्यावर बोट धरून तो झाका, म्हणजे हात लांब करून अंगठ्याने नजरेआड करा. उरलेल्या देहाला चार प्रश्न विचारा. भार दोन्ही पायांवर की एका? खांद्यांची रेघ आणि कमरेची रेघ समांतर की उलट्या कललेल्या? पाठ टेकलेली की सुटी? मान धडाच्या दिशेत की वळलेली?

मग कोणी पाहत नसेल तर, आणि पाहत असले तरी, तशीच पोज स्वतः घेऊन मिनिटभर थांबा. हे सर्वांत उपयोगी पाऊल आहे आणि संकोचापायी सर्वांत जास्त टाळले जाते. कुठे ताण येतो ते शरीर लगेच सांगते. मान वळवून मागे पाहण्याची पोज दहा-पंधरा सेकंदांनंतर टोचू लागते. म्हणजे चित्रातला तो क्षणच आहे, ती बाई तशी बसून राहिलेली नाही. उलट, उंबऱ्यावर बसून कोपर गुडघ्यावर टेकवले तर अर्धा तास सहज जातो. म्हणजे ही तिची रोजची बैठक. पहिली पोज भावाकडे नेते, दुसरी स्वभावाकडे.

एक अडचण लक्षात ठेवा. मॉडेलला तासन्‌तास बसायचे असते, त्यामुळे स्टुडिओतल्या चित्रांत भार नेहमीच थोडा टेकलेला असतो. टेकलेली पाठ दिसली की लगेच 'थकलेली' लिहू नका. थकवा असेल तर तो मनगटातही उतरलेला दिसतो.

३. हात

चेहऱ्यावर माणसाचा ताबा असतो, हातांवर तितका नसतो. चांगला चित्रकार हे जाणतो, म्हणून चेहरा शांत ठेवून गोष्ट हातांत घालतो.

आधी प्रत्येक हात काय धरतो आहे ते पाहा, मग किती जोराने धरतो आहे ते. बोटांच्या पेरांवर रंग फिका पडलेला असेल, नखांभोवती पांढुरका उजेड असेल, तर पकड घट्ट आहे. पदराचे टोक दोन बोटांत नुसते धरलेले असेल तर कापडाच्या चुण्या सैल, गोलसर उतरतात. पिळलेले असेल तर चुण्या बोटांकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या धावतात. काम करणारा हात आणि काम करता करता थांबलेला हात यांतला फरक तर फारच बोलका. फुले ओवणारी बोटे दोऱ्यावर असून नजर भलतीकडे असेल, तर ओवणे थांबले आहे आणि मनात दुसरे काही चालले आहे.

हात आणि डोळे एकमेकांविरुद्ध बोलतात तेव्हा चित्र सर्वांत श्रीमंत होते. राजा रविवर्म्याची शकुंतला आठवा: एका हाताने सखीचा आधार, दुसरा हात पायाशी काटा काढण्याच्या निमित्ताने गेलेला, आणि मान मागे. कालिदासाच्या नाटकात दुष्यंत स्वतःच सांगतो की दर्भ रुतल्याचे निमित्त करून ती थांबली. आता दोन वेगळी वाक्ये लिहा. भाव: ओढ. स्वभाव: उघड मागे वळून पाहायला लाजणारी, पण लाजेला निमित्त शोधण्याइतकी चतुर. 'प्रेमात पडलेली' एवढेच लिहिले असते तर दुसरे वाक्य हरवले असते, आणि शकुंतला त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

४. चेहरा, तुकड्या-तुकड्याने

नाट्यशास्त्रात ३६ दृष्टी सांगितल्या आहेत. ती यादी पाठ करण्याची गरज नाही, पण नजर ही एक गोष्ट नसून पापणी, बुबुळ आणि भुवई यांची जुळणी आहे एवढे त्यातून घ्यावे. झुकलेल्या पापणीचेच पाहा:

- दुःखात भुवयांची आतली टोके किंचित वर उचलली जातात. हे मुद्दाम करायला कठीण आहे, म्हणून चित्रकाराने ते दाखवले असेल तर त्याला तेच म्हणायचे आहे.
- लाजेत पापणी खाली, पण गालाचा उंचवटा वर आणि ओठांची कड आत वळलेली.
- थकव्यात पापणी अर्ध्यावर, भुवई सपाट, खालचा ओठ सैल.
- खाली हातातल्या कामाकडे पाहणाऱ्या बाईची पापणीही झुकलेलीच असते! तिची नजर कशावर पडते आहे ती रेघ वहीत ओढून पाहा. रेघ सुईवर किंवा पत्रावर जाऊन पडत असेल तर तिला उदास ठरवण्याआधी थांबा.

रागात भुवया खाली येऊन जवळ येतात आणि खालची पापणी ताणते. तोंडाकडे तेव्हा पाहायची गरजही नसते. ओठांचे कोपरे मात्र शेवटी पाहा. तिथे रंग मऊ मिसळलेला असेल तर हसू आहे की नाही हे ठरतच नाही, आणि बरेचदा चित्रकाराला ते ठरवायचेच नसते. वहीत 'ठरत नाही' असे लिहायला कचरू नका.

बुबुळातला पांढरा ठिपका कुठे आहे ते पाहा. खिडकीचा उजेड वरून येत असेल तर तो बुबुळाच्या वरच्या बाजूला, उजेडाकडे. ठिपका नसेल तर डोळे आत वळल्यासारखे दिसतात. पण अभ्यासचित्र अपुरे सोडलेले असू शकते. केस, कान, मान यांवरही शेवटचा हात फिरलेला नसेल, तर ठिपका राहून गेला असे समजा. त्यावर मनःस्थिती उभारू नका. हीच गोष्ट पार्श्वभूमीची. अभ्यासचित्रात मागची जागा पातळ रंगाने सारवून सोडणे नेहमीचेच आहे. ते रिकामपण चित्रकाराच्या वेळेचे असते, नायिकेच्या एकटेपणाचे नव्हे.

५. जवळ जाऊन कडा पाहा

आता दीड फुटावर या. गाल जिथे अंधाराला मिळतो ती कड धारदार की विरघळलेली? ब्रशचे फटकारे दाट कुठे, कॅनव्हासचे विणकाम उघडे कुठे? जिथे रंग दाट आणि कड तीक्ष्ण, तिथे चित्रकार जास्त वेळ थांबला. त्या जागा मोजा, तीन-चारच निघतील. त्या एकीला एक जोडल्या की चित्रकाराला या बाईत काय महत्त्वाचे वाटले ते हाती येते. तैलरंगात हे सहज दिसते. जलरंगात उलटे: तिथे सर्वांत उजळ जागा म्हणजे बहुधा न रंगवलेला कागद, त्यामुळे चित्रकाराने काय सोडले ते शोधावे लागते.

६. उजेड कुठून

बाजूने, वरून येणारा उजेड गालाची हाडे आणि कपाळ कोरून काढतो. माणूस विचारी दिसतो. समोरून येणारा उजेड चेहरा सपाट आणि कोवळा करतो. खालून येणारा उजेड भयाण दिसतो, हे दशावताराच्या रंगमंचापुढे बसलेल्या कोणालाही सांगायला नको.

म्हणूनच सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र मुद्दाम अभ्यासावे. ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि त्यांची मुलगीच त्याची मॉडेल होती. उजेड दिव्याचा, म्हणजे खालचाच. पण तिने ज्योतीवर तळहात धरला आहे, बोटांच्या फटींतून उजेड लालसर होऊन झिरपतो आणि चेहऱ्यावर मऊ होऊन पोचतो. भयाण वाटायला हवे ते प्रसन्न झाले ते त्या एका हातामुळे. भाव चेहऱ्यावरच्या उजेडात आहे, स्वभाव ज्योत जपणाऱ्या तळहातात. हे चित्र कित्येकदा रविवर्म्याच्या नावावर खपवले जाते. मग पाहणारा पुराणातली कोणी राणी शोधत बसतो आणि समोरची घरातली मुलगी त्याला दिसतच नाही.

७. फुले, कापड, दागिने

इथे गोव्याच्या माणसाला बाहेरच्यापेक्षा जास्त दिसते. अंबाड्यात अबोलीची फाती (गजरा) असेल तर वास नाही, पण टिकाऊपण आहे. दुसऱ्या दिवशीही ती बरी दिसते. जाई संध्याकाळी उमलते आणि सकाळपर्यंत तपकिरी पडते. म्हणून डोक्यात कोमेजलेली जाई आणि खिडकीत पहाटेचा निळसर उजेड असेल तर रात्र जागून काढल्याचे ते साधे गणित आहे. सुरंगी असेल तर उन्हाळ्याची सुरुवात.

कापड स्वभाव सांगते. लाल चौकड्यांचे कुणबी कापड घोट्याच्या वर नेसून खांद्यावर देठलीची गाठ मारलेली बाई चिखलात उतरणारी आहे. तिचे हात गुळगुळीत रंगवले असतील तर चित्रकाराने स्टुडिओतल्या मॉडेलला ते नेसवले असावे. नऊवारीचा कासोटा पाय मोकळे ठेवतो, त्यामुळे बैठक ऐसपैस होते. साधी घरची साडी आणि नाकात मात्र नथ असेल तर ती नुकतीच एखाद्या समारंभाहून आली आहे किंवा निघाली आहे.

दागिन्यांवरून चारित्र्य ठरवणे मात्र सोडा. पानाने रंगलेले ओठ, दाट काजळ, सैल पदर पाहून 'चंचल' लिहिणारे पुष्कळ. आपल्याकडे थोर गायिकांच्या वाट्याला ही नजर पिढ्यान्‌पिढ्या आली. चित्रापुढे तरी ती नको.

८. आता अवस्थेचे नाव

आठांपैकी स्वाधीनभर्तृका, अभिसारिका आणि खंडिता सहज ओळखता येतात: पहिलीच्या सेवेला नायक हजर, दुसरी रात्री घराबाहेर पडलेली, तिसरीपुढे सकाळी परतलेला, दुसरीच्या खुणा अंगावर घेऊन आलेला नायक. गोंधळ होतो तो वाट पाहणाऱ्यांत आणि पश्चात्ताप करणारीत. तिथे दागिन्यांकडे आणि हातांकडे पाहा. वासकसज्जेचा शृंगार पुरा आणि हात अजून कामात. विरहोत्कंठितेचा शृंगार तसाच, पण हात थांबलेले, कारण त्याला उशीर का झाला ते तिला कळत नाही. विप्रलब्धा संकेतस्थळी जाऊन फसली, ती दागिने उतरवते किंवा भिरकावते. प्रोषितभर्तृकेने शृंगारच केलेला नाही, नवरा परदेशी. तारवटींच्या (बोटीवर नोकरीला गेलेल्या खलाशांच्या) घरांतून ही नायिका गोव्याने डोळ्यांनी पाहिली आहे. कलहांतरिता एकटी, पण तिचे शरीर दाराकडे वळलेले आणि मान दाराकडून फिरवलेली, कारण तिनेच त्याला घालवले.

हे वर्गीकरण दलालांसारख्या नमुनानायिकेला चपखल बसते, कारण तिथे लांब डोळे, निमुळती बोटे ही ठरलेली भाषा आहे. त्रिंदादांसारखी समोर बसलेली खरी बाई असेल तर ते सैल हाताने वापरा. तिच्या बसण्यात ती स्वतः असते. चौकटीत न मावणारे जे उरते ते वहीत आधी उतरवा.

एक चित्र, दोन वाक्ये

समजा असे अभ्यासचित्र आहे: बाल्कांवच्या (गोव्यातल्या घराच्या दर्शनी ओसरीच्या) सोप्यावर बसलेली तिशीची बाई. पाठ खांबाला टेकलेली, एक पाय वर घेतलेला, एक चप्पल उलटी पडलेली. डाव्या हातात दुमडलेला कागद, अंगठा घडीत अडकलेला. उजवा हात गुडघ्यावर सैल. डोळे कागदावर नाहीत, बाहेर माडांकडे. भुवया सपाट. अंगावर दोन पाटल्या आणि मंगळसूत्र, केसांत फूल नाही. उजेड डावीकडून, उतरत्या उन्हाचा.

नवखा लिहितो: 'पत्र वाचून उदास झालेली विरहिणी.' आता पायऱ्यांनी या. पोज आरामाची आणि सवयीची. ही जागा तिची आहे. भुवयांची आतली टोके उचललेली नाहीत, म्हणजे दुःखाला आधार नाही. अंगठा घडीत आहे, म्हणजे पत्र वाचून संपलेले नाही किंवा ती ते पुन्हा उघडणार आहे. उजवा हात सैल, म्हणजे बातमीने धक्का दिलेला नाही. शृंगार नाही, म्हणून अवस्था प्रोषितभर्तृकेच्या जवळची. भाव: मनात उत्तर जुळवणारी, स्थिर. स्वभाव: घाई न करणारी, घर आपल्या हाती असलेली, म्हणजे धीरा. विरह चित्रात आहे, पण तो तिच्या परिस्थितीत आहे. चेहऱ्यावर तो चित्रकाराने चढवलेला नाही.

जे फसवते

जुन्या तैलचित्रावरचे नैसर्गिक राळेचे व्हार्निश काही दशकांत पिवळे पडते. निळा हिरवट दिसतो, गोरा रंग मधाळ, आणि सगळ्या चित्रावर संध्याकाळ उतरल्यासारखी वाटते. डोळ्यातला पांढरा आणि साडीतला पांढरा एकसारखेच पिवळे असतील तर तो व्हार्निशचा भाव आहे, नायिकेचा नव्हे. कागदावरच्या जुन्या चित्रांवर आपल्या दमट हवेने तपकिरी ठिपके पडतात. गालावरचा तसा ठिपका तीळ किंवा अश्रू समजू नका, कोऱ्या समासात तसेच ठिपके आहेत का ते पाहा.

ओलिओग्राफ (तैलचित्रांच्या रंगीत छापील प्रती) आणि कॅलेंडरांत रंग मुळापेक्षा वेगळे असतात आणि ओठांची कड छपाईत जाड होते, त्यामुळे ओठांवरून काही ठरवू नका. पोज आणि हात यांवर भिस्त ठेवा. मोबाइलवर पाहत असाल तर फोटो कृष्णधवल करून एकदा आणि आडवा उलटवून एकदा पाहा. उलटवल्यावर चेहरा अचानक अनोळखी वाटतो आणि मघाशी न दिसलेला मानेचा कल दिसतो. संग्रहालयात फोटो घेण्याआधी विचारा, फ्लॅश कधीच वापरू नका. काचेत स्वतःचे प्रतिबिंब येत असेल तर एक पाऊल बाजूला सरका आणि गडद कपडे घालून जा. पांढरा शर्ट काचेत फार उठतो.

शेवटी नावाची पट्टी वाचा. तुमची दोन वाक्ये आणि चित्रकाराने चित्राला दिलेले नाव जुळत नसेल तर वाक्ये लगेच खोडू नका. कुठल्या जागेवरून तुम्ही ते वाचले ती जागा वहीत नोंदवा: 'डावा अंगठा', 'खांद्यांची रेघ'. काही महिन्यांनी त्याच चित्राकडे जाऊन फक्त त्या जागा तपासा. जागेशिवाय लिहिलेले वाक्य तपासताच येत नाही.